हात दिसतो तिथवर

खानापुरात स्टेशन रोडला विरुपाक्ष कम्मारचं दुकान.
बाहेर कोयते, खुरपी, नांगराचे फाळ,
आत पत्र्याखाली, काळोखाला टांगलेल्या
मासे मारायच्या सहा बंदुका.

मी उद्यमबागला लेथवर.
खिशात ओव्हरटाइमचे पैसे,
आणि डोळा सगळ्यात लांब होती तिच्यावर:
सागवानी दांडा, दोन-दोन रबरं,
टोकाला सळी अशी, की दाढी करावी.
"ती काढा," म्हटलं.

त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.
"कुठं मारणार हैस?"
"मलप्रभेत. आसोग्याच्या खाली."
"देवळाचा डोह सोडून?"
"सोडून की."
"मग ती कशाला रे? ती समुद्राची.
कारवारच्या एका पोरानं करून घेतली,
न्यायला आलाच नाही."

भट्टीवर राख ओढली, पायांत चपला सरकवल्या,
दुकान तसंच उघडं टाकून
मला नदीवर घेऊन गेला.

"हात घाल. सरळ खाली. बोटं हलव. दिसताय्त?"
"दिसताय्त."
"अजून."
मनगट गेलं, कोपर गेलं, बाही भिजली.
बोटं आधी हिरवी झाली,
मग चार की पाच ते कळेना,
मग मलाच ती आहेत हे आठवणीनं धरावं लागलं.
"बस," तो म्हणाला. "हात दिसतो तिथवर मारायचं.
तेवढ्याचीच बंदूक घ्यायची.
त्याच्या पुढं काय बी असतंय.
म्हस असती. ओंडका असतोय.
हुडुग इरतान."

शेवटचं तो कानडीत बोलला, पाण्याकडं बघून.
पोरगं असतंय.
मी विचारलं नाही.
परत येताना वाटभर त्याची चप्पल तेवढी वाजत होती.

दुकानात मग एकेक खाली उतरवली.
रबर ताणून गालाला लावायला सांगितलं:
चिकटलं तर उन्हानं मेलेलं,
बारीक भेगा दिसल्या तर त्याच्याही आधीचं.
काट्याचा कान सहज मिटला पाहिजे,
खरं माशात गेल्यावर उघडाच राहिला पाहिजे.
मूठ ओल्या हातानं धर, तेल लावून धर,
घसरली तर तुझी न्हवं.

तिसरीच्या घोड्याच्या खाचेत अर्धा सूत खेळ होता.
हे मात्र मला त्याच्याआधी दिसलं.
तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं
आणि शांतव्वाला चहा टाकायला सांगितलं.

चहानंतर म्हणाला, "आता भर."
भरली.
"आता न मारता उतरव."

रबर सटकलं, अंगठ्याचं कातडं घेऊन गेलं.

"वैशाखात मरळ पिलांवर असती.
लाल पिलांचा गोळा वर येतोय, खाली जातोय,
त्याच्या बुडाला ती.
तुझा नेम तर धरलेला असणार.
तेव्हा उतरवता आली पाहिजे.
मारायला काय, सगळ्याच मारत्यात."

सहातल्या चार तिथंच बाद झाल्या.
कारवारची सगळ्यात आधी.

मी घेतली ती फणसाच्या लाकडाची,
आखूड, कुबडी, एका रबराची,
दांड्यावर कुणीतरी खिळ्यानं मासा कोरून अर्धवट सोडलेला.
शेपूट नाही. घासाघीस केली,
त्यानं वीस रुपये सोडले, वर सुतळी दिली.

बसमध्ये कंडक्टरनं कानडीत विचारलं, काय हे?
मी मराठीत म्हटलं, छत्री.
त्यानं लगेजचं तिकीट फाडलं.
छत्रीचं तिकीट नसतंय हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता बंदूक दाराआड उभी आहे.
नदीवर अजून गेलो नाही.
रोज रात्री जेवणानंतर भरतो,
उतरवतो.
काल सातदा जमलं.
आठव्यांदा अंगठा.